एकोणतीस अक्षरांचा जवाब

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जेवलात का म्हणूनही विचारलं नाही. माझ्या टोपीकडे आणि हातातल्या वळकटीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पंत, तुमच्यापाशी सगळ्यात लांबा शब्द कोनता हाय?"

अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून ते बसले होते. पन्नाशीचे असतील. अंगाने बारीक, डोक्याला भगव्याकडे झुकलेला जुना रुमाल, बोटांना शाई. पुढ्यात लाकडी पेटी आणि पेटीवर विटेएवढं जाड एक पुस्तक. आजूबाजूला खेड्यांतून आलेली माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन उकिडवी बसलेली. त्यांना सोडून या माणसाला माझ्याकडून शब्द हवा होता.

"कसला शब्द?"

"इंग्रजी. तुमी पुन्याकडून आले न? मंग असन की एखादा."

पुण्याच्या इंग्रजी शाळेत मी चार वर्षं काढली होती. मी छाती काढून म्हणालो, "कॉन्स्टँटिनोपल."

"थे गावाचं नाव हाय. गावं चालत नाहीत. मानसाची नावं बी चालत नाहीत. दुसरा सांगा."

मी म्हणालो, "प्रोनन्सिएशन." ते बोटांच्या पेरांवर मोजू लागले. चौदा झाले. मी म्हटलं, तेरा. ते म्हणाले, तुम्ही एक अक्षर खाल्लं. मी म्हटलं, तुम्हीच एक जास्तीचं घातलं. मग त्यांनी ते जाड पुस्तक उघडलं, बोट फिरवत खाली आले आणि थांबले. तेराच होते. इतकी वर्षं तो शब्द ते चुकीचा लिहीत आले होते. त्यांनी पुस्तक मिटलं, सतरंजीवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा. आजपासून माह्या अर्जाच्या नकला तुमी करायच्या."

कापसाच्या पेढीत नोकरी लागेल म्हणून मी वऱ्हाडात आलो होतो, आणि लागलो तो एका अर्ज लिहिणाऱ्याच्या हाताखाली. लोक त्यांना मुनशीजी म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसावाचून चालेनासं झालं होतं, ती ही वर्षं. कचेरीसमोरच्या रस्त्याने दिवसभर कापसाच्या गाड्या जात. झाडांच्या फांद्यांना, बाभळीच्या काट्यांना, बायकांच्या पदरांना कापूस चिकटलेला असे. ज्याच्याकडे रस्त्याच्या कडेला हातभर जागा होती, त्याच्या जागेवर कोणा ना कोणा व्यापाऱ्याचा डोळा होता. रेल्वे यायची होती, तिच्या खुणांचे दगडही पडले होते. त्यामुळे अर्ज फार. आणि साहेब लोक इंग्रज, म्हणून इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्याला मान फार.

मुनशीजींचं इंग्रजी आलं होतं परतवाड्याच्या छावणीतून. तरुणपणी ते तिथल्या इस्पितळात होते. एक म्हातारा गोरा शिपाई पाय मोडून सहा महिने खाटेवर पडला होता. त्याला वेळ जाईना. त्याच्याकडे एक शब्दकोश होता. तो एक मोठा शब्द काढायचा, त्यातली अक्षरं उचलून लहान लहान शब्द करायचे, ज्याचे जास्त होतील तो जिंकला. खेळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याने या वऱ्हाडी पोराला आधी अक्षरं शिकवली, मग खेळ शिकवला. पाय बरा झाल्यावर शिपाई निघून गेला आणि जाताना कोश यांना देऊन गेला. सुरुवातीची काही पानं उंदरांनी खाल्ली होती. मुनशीजी म्हणत, "'ए'चे शब्द मले जरा कमी येतात. थे उंदरांले ईचारा."

तोच खेळ आम्ही रोज दुपारी खेळत असू. हरणाऱ्याने पान लावून द्यायचं. एकदा त्यांनी 'प्रोक्रॅस्टिनेशन' काढला. म्हणजे आजचं काम उद्यावर टाकणं. मी त्यातून 'स्टोन' करायला निघालो तर ई सापडेना. 'स्टेशन' लिहिलं, 'नेशन' लिहिलं. तेवढ्यात ते ओरडत उठले. उजव्या हाताने एक एक अक्षर दाखवत त्यांनी त्या शब्दातून 'कॉटन' काढून दाखवला. सगळी अक्षरं बरोबर होती. मग रस्त्यावर जाऊन त्यांनी कापसाच्या गाड्या थांबवल्या आणि गाडीवानांना सांगू लागले, "आरे, आळशाच्या पोटात कापूस हाय! लिहून दाखवतो, या!" गाडीवान घाबरून बैल हाकत निघून गेले. मी सतरंजीवर बसून हसत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढा आनंद मी माणसाला मुलगा झाल्यावर होताना पाहिला आहे, शब्दासाठी पाहिला नव्हता.

त्यांना कोणी नव्हतं. बायको लवकर गेली होती. एक खोली, एक तवा, एक कोश. जेवताना भाकरीच्या तुकड्यागणिक एक शब्द म्हणत. कोणी आशीर्वाद मागितला तर इंग्रजीतला एखादा हातभर शब्द देत आणि अर्थ विचारला तर हटकून खरा अर्थ सांगत. एका मोठ्या आडत्याने पाया पडून आशीर्वाद मागितला, त्याला 'व्हॅलेट्युडिनेरिअन' दिला. तो खूश झाला. अर्थ विचारला तर म्हणाले, "जो मानूस सदा आपल्याच तब्येतीची काळजी करते, थो." आडत्याला कळेना, रागवावं की काय.

हे सगळं गमतीचं होतं. पुढे मला जे कळलं ते मात्र गमतीचं नव्हतं.

नकला करायला लागून महिना झाला असेल. निकाल लागून परत आलेले अर्ज मी लावून ठेवत होतो. पाहतो तर बऱ्याच अर्जांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक आकडा. एकावर सतरा, एकावर चौदा, एकावर एकोणीस. मला वाटलं दप्तराचा नंबर असेल. मुनशीजींना विचारलं.

ते हसले. त्यांनी एकोणीसचा अर्ज उचलला आणि मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी. "मोजा."

एकोणीस अक्षरं होती.

"सायबानं मोजली," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पह्यल्यांदा सायबानं हा आकडा टाकला, तवा मले रातभर झोप नाही आली. पंत, ह्या मुलखात माह्या शब्दाची अक्षरं मोजनारा दुसरा मानूस हाय!"

साहेब तरुण होता. कचेरीत हाताखालचा अधिकारी म्हणून नुकताच आला होता. दिवसभर जमिनीचे आणि गाडीरस्त्याचे तंटे ऐकून कंटाळत असणार. मुनशीजींनी अर्जात एक लांब शब्द घालायचा, साहेबाने तो मोजायचा, आणि कधीकधी हुकुमात स्वतःचा एक लांब शब्द घालून परत पाठवायचा. दोघे एकमेकांशी एकदाही बोलले नव्हते.

"आणि निकाल?" मी विचारलं.

"शब्द चांगला असला का अर्ज मंजूर होते. म्हनून तं लोक माह्याकडं येतात."

मी गारच झालो. लोक खेड्यापाड्यांतून पायी येत होते, कोणाची वाट अडलेली, कोणाचं कुरण गेलेलं, आणि त्यांच्या कागदांवर ही दोन माणसं डाव टाकत होती. पण मी काय केलं? काही नाही. निकाल लोकांच्या बाजूचे लागत होते. कोणाचं नुकसान झालेलं मला तरी दिसत नव्हतं. मी मनाची समजूत घातली आणि नकला करत राहिलो.

त्यानंतर भागाबाई आली.

मोर्णेच्या काठाला, कापसाच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, तिची माळ्याची वाडी होती. वांगी, कांदे, थोडी केळी, कडेने झेंडू. नवरा पटकीने गेला होता. घरात एक सासू, डोळ्यांनी अधू. वाडीत विहीर होती. ती नवऱ्याने आणि तिने मिळून खणली होती. आता एका व्यापाऱ्याला कापसाच्या गाठी ठेवायला तीच जागा हवी होती आणि ही जागा पडीक सरकारी आहे, बाई उगीच बसली आहे, असा त्याने कचेरीत दावा लावला होता.

भागाबाई उन्हात उभी राहून सांगत होती. "मुनशीजी, म्या काही मोठं मागून नाही राहिली. फक्त येवढं लिहा का इहीर आमी खनली. माह्या मालकानं तीन उनाळे खनली. म्या टोपले वर ओढले. गावातल्या कोनालेबी ईचारा म्हना."

"लिहितो, माय. बिनघोर जाय."

त्यांनी लिहिलं. मी नकलेसाठी कागद घेतला. अर्जाच्या ऐन मध्यात शब्द होता, डिस्प्रोपोर्शनेबलनेस. एकवीस अक्षरं. म्हणजे मापात नसणं. बाईची वाडी केवढीशी आणि व्यापाऱ्याची भूक केवढी, या दोन्हींचा मेळ कसा बसत नाही, ते त्यांनी त्या शब्दाभोवती सुंदर रचलं होतं. एकवीस त्यांनी याआधी कधी पाठवले नव्हते. पण मी दोनदा वाचलं आणि विचारलं, "विहिरीचं वाक्य कुठे आहे?"

"होतं. काढलं."

"का?"

"लहान लहान शब्द होते सगळे. सायबाची नजर तथीच अडकली असती, मंग पुढचा शब्द फिका पडला असता."

मी लेखणी खाली ठेवली नाही. हे मला सांगायलाच हवं. मी ते ऐकलं, मला ते चुकीचं वाटलं, आणि तरी मी वळणदार अक्षरात नक्कल पुरी केली.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. मुनशीजींनी तो उलटला आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले. पाठीमागे साहेबाची सही होती, आणि सहीच्या वर एकच शब्द. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. दुसरं काही नाही. आकडासुद्धा नाही.

त्यांनी पेरांवर मोजलं. मग माझ्या पेरांवर मोजलं. एकोणतीस.

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन.

ते उठून उभे राहिले आणि कडुनिंबाला प्रदक्षिणा घातली. मला मिठी मारली. कचेरीच्या शिपायाला पान दिलं. त्यांना तो शब्द कोशात सापडेना, तरी त्यांचा आनंद कमी होईना. कोशातसुद्धा नाही एवढा मोठा शब्द त्यांच्या अर्जावर आला होता.

दुपारी भागाबाई आली. "काय जवाब आला, मुनशीजी?"

"जवाब आला, माय. असा जवाब आजपावतो कोनाले आला नाही."

"मंजूर झालं?"

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. मग म्हणाले, "हे पाहा. इंग्रजीत 'नाही' म्हनाले दोन अक्षरं लागतात. एन आन ओ. एकोनतीस अक्षरं लिहून कोनी नाही म्हनन का? तुह्यं काम झालंच समज."

तिने कागदाला हात लावून नमस्कार केला. जाताना म्हणाली, वाफे मोकळे पडले आहेत, आता वांग्याची रोपं लावून टाकते, दोन दिवस भीतीने थांबले होते. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

कचेरीतल्या मराठी कारकुनांनाही तो शब्द समजला नव्हता. एकाने मला सांगितलं, साहेबांना विचारायची हिंमत कोणाला नाही, हुकूम आहे तसा दप्तरी लावला आहे. मी मुनशीजींना म्हणालो, "साहेबालाच विचारू या."

ते एवढे दुखावले की काय सांगू. "खेळात समोरच्याले अर्थ ईचारतात का? आपुन शोधायचा असते."

शोध सुरू झाला. तारेच्या कचेरीतल्या बाबूला विचारलं. कापूस घ्यायला आलेल्या एका पारशी दलालाला विचारलं. तो म्हणाला, शब्द नाही, लिहिणाऱ्याची चूक असेल. शेवटी कळलं की अमरावतीला एक म्हातारे पाद्री आहेत, त्यांना जुन्या भाषा येतात. मुनशीजींनी बैलांची दमणी ठरवली आणि मला बरोबर घेतलं. जाताना तीन दिवस कापसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकत गेलो. सगळी वाट ते तो शब्द गुणगुणत होते. त्याचे तुकडे करत होते, जोडत होते, त्याला चाल लावत होते.

पाद्रीबाबा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मुनशीजींनी शब्द एका कोऱ्या चिठ्ठीवर उतरवून आणला होता. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि मोठ्याने हसले. त्यांना मराठी चांगलं येत होतं.

"हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला? ही तर विलायतेतल्या शाळकरी मुलांची गंमत आहे. लॅटिनचे चार शब्द एकापुढे एक लावलेत." त्यांनी काडीने जमिनीवर तुकडे पाडले. "हा पहिला, म्हणजे लोकरीचा पुंजका. तुमच्याकडे कापसाचा म्हणा. दुसरा, क्षुल्लक वस्तू. तिसरा, काही नाही. चौथा, एक केस. चारही मिळून एकच सांगतात. एखाद्या गोष्टीची काडीइतकीही किंमत नाही असं ठरवणं."

मुनशीजी त्या काडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबा, आन हा शब्द अर्जाच्या मांगं लिहिला असन तं?"

बाबांचं हसू थांबलं. "कोणाच्या अर्जाच्या?"

मुनशीजी उठले. चपला घालायच्याही विसरले. मी त्या हातात घेऊन त्यांच्या मागे धावलो.

 परतीच्या वाटेवर त्यांचं बोलणं फक्त गाडीवानाशी, "बैल हाक, बाप्पा," एवढंच, दर थोड्या वेळाने.

आम्ही थेट वाडीवर गेलो. हुकुमात 'मंजूर' नाही म्हणून कचेरीने अर्ज फेटाळलेला धरला होता आणि जागा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली होती. केळी तोडून आडव्या पडल्या होत्या. वांग्याच्या कोवळ्या रोपांवरून गाड्यांची चाकं गेली होती. दोन माणसं विहिरीत दगड, माती आणि सरकीचा कचरा लोटत होती. विहीर जवळजवळ भरत आली होती. पाणी कुठे दिसत नव्हतं. कडेला एका गाठोड्यावर म्हातारी सासू बसली होती आणि आवाजाच्या दिशेने मान फिरवत पुन्हा पुन्हा विचारत होती, "इहिरीत काय टाकून राहिले वं, भागा? काय टाकून राहिले?"

भागाबाई आमच्याकडे चालत आली. ती रडत नव्हती. तिने मुनशीजींकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मुनशीजी, तुमी म्हनले होते न, नाही म्हनाले दोनच अक्षरं लागतात?"

मी आयुष्यात बरीच मरणं पाहिली आहेत. पण उभ्या माणसाचा चेहरा असा विझताना त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी मुनशीजी कोश काखेत मारून कचेरीत शिरले. शिपायाने अडवलं, तर साहेबाने आतूनच हात केला. त्याने त्यांना ओळखलं होतं. मी दाराशी उभा होतो. साहेब खुर्चीतून अर्धवट उठला. त्याच्या चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्याचा आनंद होता. त्याने हात पुढे केला आणि हिंदुस्थानीत म्हणाला, "मिला मतलब? बहुत दिन लगाए, मुनशी. अब तुम्हारा लफ़्ज़ लाओ."

त्याने हात पुढे केला होता तो पुढच्या शब्दासाठी. 

मुनशीजी म्हणाले, "साहब, वो कुआँ बुझा दिया."

"कौन सा कुआँ?"

त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याने फक्त मधला शब्द वाचला होता आणि त्याहून मोठा शब्द सापडल्याच्या आनंदात तो पाठीमागे लिहून सही केली होती. मुनशीजींनी सांगायला तोंड उघडलं, आणि थांबले. का थांबले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "थो म्हनाला कोनता कुआँ, आन माह्या ध्यानात आलं, अर्जात इहीर हायच कोठं? मीच तं काढली."

त्यांनी कोश साहेबाच्या मेजावर ठेवला आणि बाहेर आले.

त्याच दिवशी त्यांनी अमरावतीच्या मोठ्या साहेबाला अर्ज लिहिला. मराठीत. मी नकलेला बसलो. एकही शब्द असा नव्हता जो भागाबाईला कळला नसता. विहीर कोणी खणली, किती उन्हाळे खणली, टोपली कोणी ओढली. खाली लिहिलं होतं, अर्ज लिहिणाऱ्याने आपल्या हौसेसाठी ही हकिकत अर्जातून काढली, साहेबाने आपल्या हौसेसाठी हुकूम लिहिला, दोघेही गुन्हेगार आहेत, पैकी मी माझं नाव खाली लिहितो.

मी म्हणालो, "शेवटचं काढा. ते तुम्हाला उठवतील इथून."

"एक डाव काढलं वाक्य, पंत. आता नाही काढत."

त्यांना खरोखरच उठवलं. अर्ज लिहिण्याची परवानगी काढून घेतली. साहेबाची बदली झाली, ती या कारणाने की नेहमीसारखी, मला माहीत नाही. वाडीवर तोवर व्यापाऱ्याच्या गाठी रचल्या गेल्या होत्या, त्या हलवायला कोणी तयार झालं नाही. भागाबाईला बदल्यात पूर्णेकडच्या अंगाला एक तुकडा मिळाला. काळी जमीन, वर एक बाभूळ, पाण्याचा थेंब नाही.

मला एका पेढीत काम मिळालं. चार-पाच महिन्यांनी मुनशीजींची चौकशी करत त्या वावरात गेलो आणि पुन्हा हादरलो. जमिनीत एक खोल खड्डा होता आणि तळाशी लंगोटी लावून मुनशीजी कुदळ मारत होते. लेखणीशिवाय काही न धरलेल्या त्या हातांना चिंध्या बांधल्या होत्या. वर भागाबाई आणि तिचा भाऊ दोराने टोपली ओढत होते. खाली उतरायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस ते आले होते, भावाच्या हातातली कुदळ घेतली होती आणि तेव्हापासून रोज येत होते.

भावाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई त्याहीच्याशी बोलत नाही. येक शब्द नाही. दुपारी भाकर बांधावर ठिवते आन मांगं फिरते. थेबी काही बोलत नाहीत."

मी खाली वाकून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, मातीने भरलेल्या चेहऱ्याने हसले आणि विचारलं, "पुन्याकडं पाऊसपानी कसं हाय?" शब्दांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मग मीही रविवारी तिथे जाऊ लागलो. टोपल्या ओढू लागलो. नक्कल माझ्याच अक्षरातली होती.

दुसऱ्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस मातीमोल झाला. तो व्यापारी गाशा गुंडाळून कुठे गेला कोणाला कळलं नाही. मोर्णेकाठची ती जागा मोकळीच पडली. विहीर बुजवून कोणाचंही भलं झालं नाही. पुढे पेढीच्या कामाने मी अमरावतीला गेलो. भागाबाईच्या वावरात दुसरी विहीर झाली आणि तिला गोडं पाणी लागलं, ते मी ऐकलं, पाहिलं नाही. मी पाहिली ती त्याच वावरातली पहिली.

उन्हाळ्याचे दिवस होते. मुरूम फोडून झाला होता, खाली पांढरी माती लागली होती. दुपारी तळातून मुनशीजींचा आवाज आला, "ओल हाय!" भाऊ दोरावरून सरसर उतरला. दोघांनी आणखी हातभर खणलं आणि बाजूच्या फटीतून पाणी झिरपू लागलं. सासू बांधावरून ओरडली, "पानी का वं?" सगळे हसायला लागले. मीही. भागाबाई मात्र कडेला घट्ट उभी होती.

मुनशीजींनी ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. आम्ही वरून पाहत होतो. त्यांनी ते पाणी गिळलं नाही. थुंकले. दुसरी ओंजळ घेतली. तीही थुंकले. मग भावाने चव घेतली आणि वर पाहून म्हणाला, "खारं हाय."

त्या बाजूला खारं पाणी लागतं, हे पुढे मला सगळ्यांनी सांगितलं. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या मनातही ते आलं नव्हतं. आठ महिने खणलेली विहीर. मुनशीजी त्या पांढऱ्या चिखलात खाली बसले. त्यांनी दोन्ही हात पाण्यात सोडले आणि तसेच बसून राहिले. भाऊ वर आला, तरी ते आले नाहीत. उन्हं कलली. मी हाका मारल्या.

मग भागाबाई पुढे झाली. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला, विहिरीत वाकली आणि म्हणाली, "मुनशीजी, वर या. भाकर वाळून राहिली. उद्या त्या बाभळीपाशी खनू."